हलती वाट

मी लग्न होऊन दादरला आले तेव्हा सासरी दोन घरं होती, आणि दोन्ही घरांत मिळून दुसऱ्यावर पटकन विश्वास ठेवणारं माणूस एकही नव्हतं. मला ते जड गेलं नाही. मी गिरगावच्या चाळीत वाढले. नळावर बादली लावून शेजारणीशी बोलायला मान वळवली की आपली बादली बाजूला आणि तिची नळाखाली, एवढं शिक्षण मला शाळेत नाव घालायच्या आधीच मिळालं होतं. शिवाय स्वभावही माझा तसाच. दुधात पाणी किती आहे हे मी अजून बोट बुडवून बघते. आता दूध पिशवीतून येतं, तरी बघते.

जुनं घर रस्त्याच्या बाजूला होतं. बैठं, कौलारू, पुढे पडवी. तिथे थोरले मामंजी, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ, आणि त्यांच्या पत्नी राहायच्या. त्यांना सगळे काकी म्हणत. त्यांचा मुलगा आणि सून कोकणात गावच्या घरी राहून आंब्याची कलमं बघत. नवं घर मागच्या अंगाला, नुकतंच बांधलेलं; वर गच्ची, खाली रंगीत लाद्या. तिथे मामंजी, सासूबाई, हे आणि मी. मधे मोकळी जागा होती. तिच्यात एक विहीर, पूर्वीच्या वाडीतले उरलेसुरले नारळ आणि बांधकामाचा राडारोडा. समुद्र तिथून दिसत नसे, पण दाराच्या कड्यांना महिन्याभरात गंज चढायचा.

नवं घर होईपर्यंत सगळे त्या कौलारू घरातच राहत होते. काकी आणि सासूबाई या दोघी जावांनी एका चुलीवर पंचवीसेक वर्षं काढली होती. त्या भांडल्या नसतील असं मी म्हणत नाही, पण एकीनं मीठ घातलंय की नाही हे दुसरीला न विचारता कळायचं. नव्या घराची हौस मामंजींना. सासूबाईंना ते घर मनापासून नको होतं. वास्तुशांतीच्या दिवशी त्या डोळ्यांना पदर लावत होत्या, आणि लोकांना वाटलं धुरानं पाणी आलं. पुढे एक रिवाज पडला. दुपारची झाकपाक झाली की काकी जुन्या घराच्या मागच्या दारातून निघायच्या, मोकळी जागा ओलांडून आमच्या पुढच्या दारात यायच्या आणि सासूबाईंजवळ बसून तांदूळ निवडायच्या. चहाच्या वेळेपर्यंत दोघींचं बोलणं चाले. त्या दोन तासांवर सासूबाईंचा उरलेला दिवस चालायचा, हे मला आल्या आल्या कळलं होतं. एखाद्या दुपारी काकी आल्या नाहीत तर संध्याकाळची आमटी खारट होई.

मधल्या जागेत दोन्ही घरांची मिळून बाग करावी असं मामंजींच्या मनात आलं. थोरले मामंजी चटकन हो म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की मामंजींना वाटलं, ह्यात काहीतरी गोम आहे. थोरल्यांना तर आधीच वाटलं होतं की कल्पना धाकट्याची आहे म्हणजे गोम असणारच. बागेचा आराखडा कोणी काढायचा यावर दोन दिवस गेले, आणि शेवटी ते काम माझ्याकडे आलं. मी शाळेत असताना चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या हे एक कारण. दुसरं खरं कारण म्हणजे मी घरात नवी होते आणि अजून कुणाच्या बाजूची झाले नव्हते.

मी हौसेनं जाड कागद आणला. विहिरीजवळ पारिजातक, दक्षिणेला मोगऱ्याचा वाफा, कुंपणाला कोरांटी आणि जुन्या घराच्या मागच्या दारापासून नव्या घराच्या पुढच्या दारापर्यंत एक छान वळणाची वाट. वाट रंगवायला मी पाण्यात गेरू कालवला होता. रविवारी सकाळी तो कागद विहिरीच्या कठड्यावर पसरून दोघे भाऊ दोन बाजूंना उभे राहिले. थोरले मामंजी गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. एरवी त्यांची भाषा एकदम शुद्ध, पण संशय आला की ते मालवणीत शिरायचे. घरातल्या सगळ्यांना ती खूण माहीत होती.

त्यांनी गेरूच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही वाट कित्याक?"

"येवक-जावक," मामंजी म्हणाले.

"आज येवक-जावक. उद्या वहिवाट."

त्या शब्दानं मामंजी चपापले. मला काहीच उमगलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर ह्यांनी मला समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या जमिनीतून वर्षानुवर्षं एकाच वाटेनं बिनविरोध चालत राहिलं, की त्या वाटेवर चालणाऱ्याचा हक्क लागतो. त्याला वहिवाट म्हणतात. आणि ह्या घरात तो शब्द ऐकून माणसं का चपापतात, तर ह्यांच्या आजोबांनी गावी नेमकं तेच केलं होतं. शेजाऱ्याच्या बागेतून पाणंदीकडे जायची वाट त्यांनी अशीच चालून चालून मिळवली होती. रोज त्या वाटेनं गुरं घेऊन जायचं काम त्यांनी आपल्या दोन मुलांना दिलं होतं. ते दोन मुलगे म्हणजे हेच दोघे मामंजी. दोघांनाही ती युक्ती पक्की ठाऊक होती, आणि दुसऱ्यालाही ती ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. जागा दोघांच्या नावावर होती, मग कसली वहिवाट, असं मी विचारलं. हे म्हणाले, "आज एकत्र आहे. वाटण्या झाल्यावर?" मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर त्यातलं तर्कशास्त्र पटलंही.

पारिजातकाचंही तेच झालं. झाड लावणार कोण, पाणी घालणार कोण? आज झाड लावलं, उद्या झाडाखालची जागा त्याची. मोगऱ्याचा वाफा पाडायचा म्हणजे जमीन खणायची, आणि खणणाऱ्याचा हात जमिनीला लागला म्हणजे संपलंच. शेवटी असं ठरलं की बाग करायची, पण जमिनीत काहीही लावायचं नाही. सगळं कुंड्यांत आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत. वाट म्हणजे दोन बाजूंच्या डब्यांमधली मोकळी पट्टी, आणि ती पट्टीही एका जागी राहता कामा नये. अमावास्या होऊन गेली की येणाऱ्या रविवारी डबे उचलून वाट सरकवायची. एक महिना विहिरीच्या अलीकडून, पुढचा पलीकडून, त्याच्या पुढचा नारळाला वळसा घालून. दर महिन्याला नवा आराखडा मी काढायचा. हा करार दोघा भावांनी मिळून इतक्या आनंदानं केला की त्या दिवशी त्यांनी एकमेकांना विडा करून दिला.

डब्यांना मी लाल रंग दिला. झेंडू, तगर, गुलबक्षी, अबोली, मिरच्या, जे लागेल ते लावलं. बाग दिसायला वाईट नव्हती. पाहुण्यांना कौतुक वाटे, कारण ते आले की दर खेपेला ती वेगळी दिसायची. मात्र थोरले मामंजी रोज सकाळी बागेत फिरून एकेक डबा तिरका करून खाली बघायचे. डब्यांना तळाशी भोकं पाडलेली असतात. एकदा तगरीचं मूळ त्या भोकातून खाली जमिनीत गेलेलं त्यांना सापडलं. ते मूळ हातात धरून ते आमच्या दारात आले आणि त्यांनी ते मामंजींच्या नाकासमोर हलवलं. तगर आमच्या घरची होती. तेव्हापासून प्रत्येक डब्याखाली फरशीचा तुकडा ठेवायचा असा नवा नियम झाला.

बाहेर तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. शिवाजी पार्कवर सभा असली की भोंग्यांचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत यायचा. दोघे भाऊ सभेला बरोबर जायचे. धोतर, कोट, टोपी, एकाच्या हातात छत्री. मुंबई कुणाची यावर त्यांचं शंभर टक्के एकमत होतं. घोषणा देऊन देऊन दोघांचे घसे बसत आणि काकी दोन्ही घरांसाठी ज्येष्ठमधाचा काढा करत. काढा पिऊन झाला की थोरले मामंजी कंदील घेऊन डबे जागेवर आहेत का ते बघायला बाहेर पडत.

आता माझ्या संशयाचं सांगते. काकी दुपारी यायच्या तेव्हा वाटेत फार वेळ लावायच्या. प्रत्येक डब्याशी थांबायच्या, पानांना हात लावायच्या, चिमटून बघायच्या. त्या येऊन गेल्या की माझ्या झेंडूच्या कळ्या खाली पडलेल्या असत. जुन्या घराचे डबे मात्र त्या इतक्या चाचपत नव्हत्या असं माझं मत झालं. मला वाटलं, थोरल्यांनी बायकोला हेरगिरीवर नेमलंय. आमची मुळं कुठे कुठे गेलीत हे ही बाई रोज हातानं तपासते आणि वर आमच्याच घरी बसून चहा पिते. माझं डोकं फिरलं. तरी मी सासूबाईंना बोलले नाही. म्हटलं, आधी मुद्देमालासकट पकडू.

एका दुपारी काकी निघायच्या वेळेला मी वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिले. हललेसुद्धा नाही. काकी आल्या. उजवा हात डब्यांवरून फिरत होता. समोर मी धडधडीत उभी, भर दुपारच्या उन्हात, आणि त्या माझ्याकडे बघत चालत आल्या. त्यांचा हात झेंडूवरून उचलला गेला तो माझ्या पदरावर आला. त्यांनी पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि पान चोळतात तसं चोळून बघितलं. मग नाकाशी नेलं.

माझ्या तोंडून आवाज निघाला असणार. त्या दचकल्या. "कोण गो? तू मां?"

मी हो म्हणाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. नजर कडेकडेनं जात जात आता मधे धुक्यासारखं तेवढं उरलं होतं. जुन्या घरात सगळं वर्षानुवर्षं जागच्या जागी होतं, त्यामुळे तिथे कुणाला कळत नव्हतं. पूर्वी ही मोकळी जागाही पायांना पाठ होती. पण दर महिन्याला वाट हलायला लागली आणि त्यांची पंचाईत झाली. सरकवलेल्या वाटेनं त्या डबे चाचपत चाचपत येत होत्या.

"कोणाक सांगू नको गो. हेंका कळला तर गावाक धाडतले माका."

मी म्हटलं, गावी मुलगा आहे, सून आहे, बघतील की नीट.

"झील आसा, सून आसा," त्या म्हणाल्या. "पण बोलाक कोण आसा?"

मला एवढी लाज वाटली आणि एवढा राग आला, की कुणाचा ते कळेना. जी बाई माझ्या सासूशी दोन तास बोलता यावं म्हणून आंधळ्या पायांनी रोज हे जंजाळ ओलांडत होती, तिच्यासाठी दर महिन्याला नवं जंजाळ रचणारी मीच होते. मी त्यांना शब्द दिला. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे जाऊ या म्हणून मात्र मागे लागले, पण त्या ऐकेनात. डॉक्टर म्हणजे थोरल्यांना कळणं, आणि कळणं म्हणजे कोकणची बोट.

पुढच्या अमावास्येनंतर मी आराखडा वेगळा केला. वाट कुठूनही जाईना, काकी निघाल्या की त्यांच्या उजव्या हाताला वासाची झाडं एका ओळीत येतील असं बघितलं. पुदिना, गवती चहा, मरवा, सब्जा. वळण आलं की तिथे गवती चहा. हात लागला की बोटांना वास, वास आला की वळायचं. काकींना हे मी एकदाच सांगितलं. त्यांनी नुसता माझा गाल कुस्करला. त्यानंतर त्या पहिल्यासारख्या भरभर येऊ लागल्या आणि झेंडूच्या कळ्या शाबूत राहिल्या.

पण आमच्या घरांत काही लपून राहत नसे. फक्त त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीनं लावी. थोरल्या मामंजींनी मला विचारलं, "ही वासाची झाडा एका वळीत कित्याक?" मालवणीत विचारलं, म्हणजे संशय पुरता पेटला होता. हद्दीची खूण म्हणून मी ओळ धरली असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, डास येत नाहीत. त्यांनी सब्ज्याचं एक पान खुडून खिशात टाकलं. बहुतेक कुणाला तरी दाखवून खात्री करून घेतली असावी, कारण नंतर ते त्यावर बोलले नाहीत. इकडे सासूबाईंनी मला दोनदा टोकलं, "तू हल्ली काकींशी फार कुजबुजतेस. ह्या घरची की त्या घरची तू?" मी मान खाली घालून कणीक मळत राहिले.

आणि मग तो हरताळाचा दिवस आला. दुकानं बंद, ट्राम बंद, सकाळपासून लोक रस्त्यावर. हे मित्रांबरोबर परळकडे गेले होते. घरात सगळ्यांचे कान बाहेर लागलेले. मात्र दोघा भावांच्या डोक्यात त्या दिवशीही बागच होती. वाट दर महिन्याला हलवूनही दोघांचं समाधान झालं नव्हतं. गावच्या वकिलानं म्हणे त्यांच्या वडिलांना कधीकाळी सांगितलं होतं, की वर्षातून एक दिवस वाट काटे टाकून बंद केली आणि ती बंद होती असं सांगणारा साक्षीदार असला की वहिवाट लागत नाही. हरताळामुळे सगळी आळी घरी. साक्षीदाराला एवढा चांगला दिवस दुसरा नव्हता. मामंजींनी शीवच्या खाडीकडून आदल्या दिवशीच बोरीची काटेरी फांदी आणून ठेवली होती. ती त्यांनी वाटेच्या आमच्या टोकाला आडवी घातली. थोरल्यांनीही कुठून तरी तशीच फांदी मिळवली होती आणि ती जुन्या घराच्या मागच्या दाराशी घातली. एकानं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. थोरले मामंजी फांदी घालून शेजारच्या निवृत्त मास्तरांना साक्षीला बोलवायला गेले.

मी गच्चीवर वाळवण राखत बसले होते. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं गलका झाला. काचा फुटल्या, माणसं पळत सुटली, आणि थोड्या वेळानं डोळे चुरचुरू लागले. अश्रुधूर सोडला होता. काकींनी ह्यांना लहानाचं मोठं केलं होतं. पोर बाहेर आहे आणि रस्त्यावर असा गोंधळ, म्हटल्यावर त्यांना घरात बसवेना. मागचं दार उघडून त्या घाईघाईनं बाहेर आल्या. मी वरून बघितलं, फांदी बघितली आणि किंचाळले. त्या गलक्यात माझा आवाज कुणाच्या कानात जाणार? काकींचा अनवाणी पाय सरळ काट्यांत पडला. त्या पुढे झुकल्या, हात डब्यावर पडला, डबा कलंडला आणि त्या बोरीच्या फांदीवरच बसल्या.

मी खाली पोचेपर्यंत सासूबाई आमच्या दाराशी घातलेली फांदी पायानं लोटून तिथे गेल्या होत्या. मामंजीही आले. पलीकडून थोरले मामंजी मास्तरांना घेऊन येत होते. काकींच्या पायातून रक्त येत होतं, हातही सोलला होता. थोरल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यांची जीभ सवयीप्रमाणेच चालली.

"समोर एवढी फांदी! दिसूक नाय तुका?"

"नाय," काकी म्हणाल्या. "माका दिसना नाय."

मास्तर साक्षीदार म्हणून आले होते, ते खाली बघू लागले. आणि मग थोरल्या मामंजींनी जे विचारलं ते मी अजून विसरले नाही. त्यांनी एकदा आपल्या भावाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "ह्या तुका कोणी शिकवल्यान?"

त्यांचा विश्वासच बसला नाही. नव्या घरानं आपल्या बायकोला फितवून, ही वाट कायमची मिळावी म्हणून काढलेलं हे नाटक आहे, असं त्यांना त्या क्षणी खरोखर वाटलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. त्यांनी काकींच्या चेहऱ्यासमोर हात धरला. हलवला. काकी नुसत्या समोर बघत राहिल्या. मग ते पावलांचा आवाज न करता त्यांच्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला गेले. काकींना ते कळलं नाही. जिथे ते आधी उभे होते त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून त्या बोलू लागल्या.

"रागावू नकात," त्या म्हणाल्या. "आता माका गावाक धाडतलात मां?"

थोरले मामंजी काकींच्या पाठीमागे उभे होते. उत्तर सासूबाईंनी दिलं. दिरासमोर त्या आयुष्यात कधी थेट बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं असलं तर दाराआडून, डोक्यावर पदर घेऊन, तेही मुलाला मधे घालून. त्या दिवशी त्यांचा पदर खांद्यावर होता आणि हात काकींच्या रक्तानं भरलेले.

"ती खंयच जावची नाय," त्या म्हणाल्या.

हे संध्याकाळी धडधाकट परत आले. पुढच्या आठवड्यात काकींना परळच्या इस्पितळात नेलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून काकी रडल्या नाहीत. त्यांना भीती वेगळीच होती. घरी आल्यावर थोरले मामंजी आमच्याशी बोलेनात, बागेतही फिरकेनात. मग दोन दिवस त्यांनी सकाळी आंघोळ करून, छत्री घेऊन, कुठे जातो हे न सांगता घर सोडलं आणि दुपारी परत आले. ह्यांना कुणीतरी सांगितलं की थोरले भाऊच्या धक्क्याकडे दिसले. धक्का म्हणजे कोकणची बोट. सासूबाईंनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. मामंजी म्हणाले, "दादा एकदा ठरवलं की ऐकायचा नाही." मीही मनातून तेच धरून चालले. थोरल्यांनी तिकिटं काढली होती की नुसते धक्क्यावर जाऊन बसून आले, हे मला आजवर कळलेलं नाही. काकींनी आपली पितळी पेटी पुसून ठेवली. मी ती बघितली आणि घरी येऊन रडले.

त्या दुपारी काकी आमच्याकडे आल्या नाहीत. पायाला पट्टी होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. सासूबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या आणि एकही दाणा निवडला जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि सवयीनं खिडकीतून बागेकडे नजर टाकली. थोरले मामंजी धोतर आणि बंडीत, अनवाणी, वाटेवर उभे होते. एकेक पाऊल जपून टाकत जुन्या घराकडून आमच्याकडे येत होते. मधेच थांबायचे, पुन्हा पाऊल. मला लगेच कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. माणूस बायकोला बोटीत बसवून देतोय आणि जायच्या आधी पावलांनी जमीन मोजून घेतोय. माझा संताप संताप झाला. आज तोंडावर बोलायचंच असं ठरवून मी हातातला चिमटा तसाच घेऊन दारात आले.

त्यांचा उजवा हात डब्यांवरून फिरत होता. पुदिन्यावर थांबला, पुढे गेला. गवती चहापाशी आल्यावर त्यांनी पात चुरडली, बोटं नाकाशी नेली आणि पाऊल वळवलं. वळताना गुडघा डब्यावर आपटला, तरी ते खाली बघेनात. तेव्हा मी नीट बघितलं. त्यांनी डोळे घट्ट मिटलेले होते.

वाटेचं शेवटचं वळण त्यांना सापडेना. सासूबाईंनी त्या दिवशी फांदी लोटली तेव्हा तिथला गवती चहाचा डबा कलंडला होता, आणि मी तो परत जागेवर ठेवला नव्हता. ते हात पुढे करून हवेत चाचपत उभे राहिले.

"मामंजी, डावीकडे," मी म्हटलं. "अजून थोडं."

ते दचकले नाहीत. डोळेही उघडले नाहीत. मी सांगितलं तसे डावीकडे वळले आणि चाचपत चाचपत आमच्या दारापर्यंत आले. चौकट हाताला लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. माझ्यामागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. थोरले मामंजी आमच्याकडे न बघता, आल्या वाटेकडे बघून बोलले.

"आता ही वाट हलवची नाय. वहिवाट लागली तर लागांदे."